नऊ गिअरचा सिंक्रो बॉक्स: हाताला सोपा, पण कान उघडे ठेवा

अवजड गाडीचा गिअरबॉक्स कसा आहे असं विचारलं की बहुतेक ड्रायव्हर एका शब्दात मोकळे होतात, हलका आहे नाहीतर कडक आहे, झालं. सिंक्रो बॉक्स, म्हणजे गिअर टाकताना आतले वेग स्वतः जुळवून देणारा बॉक्स, त्याच्याबद्दल हे उत्तर अर्धवट आहे कारण तो हलका लागणार की कडक हे निम्मं तुमच्यावरच असतं, आणि त्यातही हातापेक्षा पायावर जास्त. हा रिव्ह्यू झेडएफ ह्या जर्मन कंपनीच्या ९एस १११० बद्दल आहे, म्हणजे आठ गिअर आणि शिवाय एक क्रॉलर (पहिल्याच्याही खालचा, अगदी हळू पण जोरात ओढणारा गिअर), रेंज म्हणजे खालच्या चार आणि वरच्या चार गिअरचा गट हवेच्या दाबावर बदलतो, दांडा डबल एचमध्ये फिरतो. पण टिपर, मिक्सर, ट्रेलर सगळीकडे ह्याच घाटणीचे बॉक्स असतात त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा आठ-नऊ गिअरचा सिंक्रो चालवणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त गिअरचा नकाशा आपापल्या गाडीतल्या स्टिकरवर बघून घ्या, तो सगळ्यांचा सारखा नसतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. बॉक्स झकास आहे, लोड गाडीला पुरून उरतो, गिअरमधली अंतरं बरोबर जागी आहेत. पण हा बॉक्स ड्रायव्हरचं इतकं सांभाळून घेतो की हळूहळू माणूस इंजिन ऐकायचंच सोडून देतो, आणि मग एक दिवस असा गिअर टाकतो जो टाकायलाच नको होता. सिंक्रो वेग जुळवून देतो, गिअर बरोबर निवडला का हे बघणं त्याचं काम नाही. ह्या एका गोष्टीवर अर्धे बॉक्स आणि क्लच प्लेटा खराब होतात असं माझं मत आहे.

आता सिंक्रो नसलेल्या बॉक्सशी तुलना केल्याशिवाय हे कळणार नाही. ईटन फुलरचे रोडरेंजर वगैरे बिनसिंक्रोचे बॉक्स ज्यांनी चालवलेत त्यांना माहिती आहे, तिथे वेग जुळवायचं काम ड्रायव्हरचं, क्लच दोनदा दाबायचा, मधे न्यूट्रलमध्ये सोडायचा, वरच्या गिअरला जाताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पडू द्यायचा, खालच्या गिअरला येताना रेस देऊन चढवायचा, नाही जमलं की खरखर सगळ्या जगाला ऐकू जाते. सराव झालेली माणसं तर क्लचच्या वाटेलाच जात नाहीत, नुसत्या रेसवर गिअर काढतात आणि घालतात. तिथे चूक केली की बॉक्स लगेच ओरडतो. सिंक्रोमध्ये चूक केली तर बॉक्स गप्प बसतो, आतली वेग जुळवणारी रिंग झिजते, आणि बिल नंतर येतं. सिंक्रोमेश काही नवीन नाही, कॅडिलॅकनं १९२८ मध्ये मोटारींमध्ये तो आणला होता. पण मोटारीतली एवढीशी क्लच प्लेट आणि ट्रकातली थाळीएवढी प्लेट यात फरक आहे ना, जितकं वजन फिरतंय तितकं ते थांबवायला किंवा पळवायला रिंगला जास्त कष्ट, म्हणून अवजड गाडीत सिंक्रोला वेळ द्यावा लागतो. मोटार चालवणारा माणूस ट्रकवर बसला की पहिले काही दिवस दांड्याशी कुस्ती खेळतो ती ह्याच कारणानं.

आत काय होतं ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. तुम्ही दांडा ढकलला की आतला फोर्क स्लीव्हला ढकलतो. स्लीव्हच्या पुढे सिंक्रो रिंग असते आणि गिअरच्या अंगावर एक निमुळता कोन असतो. स्लीव्ह आधी रिंगला त्या कोनावर दाबते, रिंगच्या आतल्या बारीक आट्या तेल बाजूला सारतात, घर्षण सुरू होतं आणि रिंग किंचितशी फिरून आडवी उभी राहते, तिचे दात स्लीव्हच्या दातांच्या बरोब्बर समोर येतात, म्हणजे रस्ता बंद. आता दोन्हींच्या वेगात फरक आहे तोपर्यंत रिंग हटत नाही, कितीही जोर लावा. वेग सारखा झाला की घर्षणाचा पीळ संपतो, तिरपे घासलेले दात रिंगला अलगद बाजूला करतात आणि स्लीव्ह गिअरवर सरकते. चालत्या बसमध्ये चढणारा माणूस आधी बसच्या वेगानं चार पावलं पळतो आणि मग पायरी धरतो, तसलाच प्रकार.

हे हाताला नेमकं जाणवतं, लक्ष दिलं तर. दांडा न्यूट्रलमधून निघतो, मग एक मऊ भिंत लागते, तिथे क्षणभर थांबतो, आणि मग भिंत विरघळल्यासारखा आत जातो. ती मऊ भिंत म्हणजे रिंग काम करतेय. तिथे हिसका द्यायचा नाही, दाब सोडायचाही नाही, एकसारखा दाब ठेवून थांबायचं. बस्स, सिंक्रो बॉक्स चालवायची अर्धी विद्या इथेच संपते. दणका मारणाऱ्याचा गिअर लवकर पडतो असं दिसतं पण तो रिंगचे दात तासून पडलेला असतो. आणि दाब सोडून परत ढकलणारा तर रिंगला एकाच गिअरसाठी दोनदा घासायला लावतो.

उरलेली अर्धी विद्या क्लच. पेडल पूर्ण खाली, प्रत्येक वेळी, अर्ध्यावर नाही. कारण क्लच पूर्ण सुटला नाही तर इंजिन अजून बॉक्सच्या शाफ्टला धरून ओढतंय, आणि बिचारी सिंक्रो रिंग आख्ख्या इंजिनाचा वेग बदलायचा प्रयत्न करतेय, ते तिच्या बापाला जमणार नाही. गिअर कडक पडतात म्हणून बॉक्स उघडायला नेलेल्या कितीतरी गाड्यांचा दोष बॉक्समध्ये नसतोच, क्लच ओढत असतो, कुठे लिंकेज ढिलं, कुठे सिलिंडरमध्ये हवा शिरलेली. तपासायला सोपं आहे, गाडी उभी, इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबा, काही सेकंद थांबा म्हणजे आतले शाफ्ट फिरायचे थांबतील, मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो त्यामुळे तो खोटं बोलत नाही, थांबूनही खरखर करतोय म्हणजे क्लच सुटत नाहीये. हे आधी बघा आणि मगच बॉक्सवर आळ घ्या.

आणि हो, दांड्यावर हात ठेवून गाडी चालवायची सवय. दिसायला रुबाबदार दिसतं पण हाताचं वजन दांड्यातून फोर्कवर जातं, फोर्क फिरत्या स्लीव्हच्या खाचेत सतत घासत राहतो. गिअर टाकला की हात स्टिअरिंगवर. एवढंच.

वरच्या गिअरला जाताना ह्या बॉक्सची खरी मजा आहे. क्रॉलर १२.७३, पहिला ८.८३, मग ६.२८, ४.६४, ३.४८, २.५४, १.८१, १.३४ आणि आठवा १.००, असे रेशो आहेत, म्हणजे बॉक्समधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे तितके फेरे. ह्यातून साधा हिशोब निघतो, चौथ्यात २००० वर असाल आणि पाचवा टाकलात तर इंजिन साधारण १४६० वर येऊन बसेल, सातव्यातून आठव्यात गेलात तर १४९० च्या आसपास. म्हणजे प्रत्येक पायरीला चतुर्थांश ते तीसेक टक्के आरपीएम पडतो आणि इंजिन परत टॉर्कमध्येच, म्हणजे जिथे ते जोरात ओढतं तिथेच, येऊन उतरतं, मधे कुठे खड्डा नाही. सपाट रस्त्यावर २००० पर्यंत ताणायचीही गरज नाही, त्याआधी गिअर बदला, इंजिन ओढत असेल तर ओढू द्या, डिझेल वाचतं. रिकामी गाडी असेल तर दुसऱ्यातून उठवा आणि एकआड गिअर टाका, दोन-चार-सहा, सिंक्रो ते करतो, फक्त आरपीएमची उडी मोठी असल्यामुळे मऊ भिंतीवर जरा जास्त थांबावं लागतं. लोड गाडी मात्र पहिल्यातूनच, आणि चढावर किंवा मऊ मातीत क्रॉलर. लोड गाडी दुसऱ्यात उठते हो, उठत नाही असं नाही, पण ती उठते क्लच प्लेटच्या जिवावर. पहिल्यात आयडलवर क्लच हळू सोडला की गाडी रेस न देता स्वतःच सरकायला लागते, तसं होत असेल तर गिअर बरोबर निवडला असं समजा.

आता रेंज. इथे नवीन माणूस हमखास गडबडतो. डबल एच म्हणजे दोन एच शेजारी शेजारी, एका एचमध्ये एक ते चार, दुसऱ्यात पाच ते आठ. चौथ्यातून पाचव्याला जाताना दांडा न्यूट्रलला आणायचा, तळव्यानं आडवी टपली मारायची, तिथे एक अडथळा असतो तो ओलांडला की हवेचा फुस्स आवाज येतो आणि रेंज बदलते, मग पाचवा. ही टपली ठाम पाहिजे. गोंजारल्यासारखी मारली तर दांडा पहिल्याच एचमध्ये राहतो आणि पुढे ढकलला की पाचव्याऐवजी तिसरा. चौथ्यात २००० वर होतात तर तिसऱ्यात २६६६, इंजिन किंचाळणार. म्हणून टपली, मग एक श्वास, मग गिअर. तो श्वास का, तर ह्या एका बदलात आत दोन कामं चालतात, मागचा रेंजचा प्लॅनेटरी गिअरसेट ३.४८ वरून सरळ डायरेक्टवर (एकास एकवर) येतो आणि त्याच वेळी पुढचा मुख्य बॉक्स डायरेक्टवरून परत त्याच्या २.५४ वर जातो. बाकी कुठल्याही बदलापेक्षा इथे जास्त वस्तू हलतात, त्यामुळे चार-पाचला जास्त वेळ लागणं हा दोष नाही. हवा कमी असताना रेंज बदलत नाही हेही लक्षात ठेवा, सकाळी हवेच्या टाक्या भरायच्या आधी गाडी हलवायची घाई करणाऱ्यांना याचा फटका बसतो.

ज्यांच्या गाडीला डबल एचऐवजी एकावर एक एच आहे, म्हणजे एकाच नकाशात दोन्ही रेंज आणि दांड्याच्या मुठीवर बटण, त्यांनी बटण आधी फिरवून ठेवायचं, मग दांडा न्यूट्रलमधून जाताना रेंज आपोआप बदलते. दांडा गिअरमध्ये घालता घालता बटणाशी खेळायचं नाही. मला स्वतःला डबल एच जास्त पटतो, कारण दांडा कुठे आहे त्यावरून अंधारातही कळतं आपण कुठल्या रेंजमध्ये आहोत. बटणवाल्यात दांड्याचा प्रवास छोटा आहे हे मान्य, कॅबिनमध्ये जागाही कमी लागते, पण बटण वर होतं की खाली हे विसरणारी माणसं मी भरपूर बघितलीत.

डबल एचची एक जागा मात्र खरंच धोक्याची आहे आणि ती कुणी शिकवत नाही. आठव्यातून सातवा टाकताना. दांडा आठव्यातून न्यूट्रलला आला की आतली स्प्रिंग त्याला पाच-सहाच्या गल्लीकडे ओढते, तिचं कामच ते आहे. तुम्ही बाहेरच्या बाजूला दाब धरून नाही ठेवलात, हात सैल सोडलात आणि पुढे ढकललंत तर सातवा नाही, पाचवा पडतो. आठव्यात १५०० वर होतात तर सातव्यात दोन हजारावर गेला असता, पाचव्यात होतात ३८१०. अवजड डिझेल इंजिनाची मर्यादा त्याच्या कितीतरी खाली असते. क्लच सोडला तर वॉल्व्ह पिस्टनला भेटायला येतात. आणि क्लच नाही सोडला तरी सुटका नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. क्लच प्लेट बॉक्सच्या शाफ्टवर बसलेली आहे, गिअर पडला की चाकं तिला फिरवतात, इंजिन आयडलवर आणि प्लेट ३८०० वर, तिची लायनिंग उडून घंटेच्या आत, म्हणजे हाउसिंगमध्ये, तुकडे तुकडे होते. ड्रायव्हर म्हणतो मी तर क्लच दाबूनच होतो, प्लेट फुटली कशी. तशीच फुटली.

बॉक्स यात तुम्हाला एकच इशारा देतो, दांडा नेहमीपेक्षा जड लागतो, मऊ भिंत अचानक दगडी होते. कारण रिंगला खूप मोठा फरक मिटवायचाय. हा जडपणा म्हणजे प्रश्न आहे, हाच गिअर पाहिजे का नक्की? अशा वेळी जोर वाढवायचा नसतो, हात थांबवून दांडा कुठल्या गल्लीत आहे ते बघायचं असतं. वरच्या रेंजमधून खालच्या रेंजमध्ये वेगात येऊ नये म्हणून अशा बॉक्सला कुलूप दिलेलं असतं, पण एकाच रेंजमधल्या आठ ते पाच उडीला असं कुलूप नाही, तिथे तुम्हीच.

ज्या गाड्यांना हवेची सर्वो शिफ्ट असते तिथे तर हा इशाराही पुसट होतो. सर्वो म्हणजे हाताच्या जोराला हवेची साथ, शहरात दिवसभर गिअर बदलणाऱ्याच्या खांद्याला केवढा आराम, मी सर्वोच्या विरोधात अजिबात नाही. पण दोन बोटांनी गिअर पडायला लागला की रिंगवर किती दाब पडतोय हे हाताला कळेनासं होतं. सर्वो असेल तर हात आणखी हलका ठेवायचा, उलट नाही.

खालच्या गिअरला येताना गिअर उशिरा पडतो असं सगळे म्हणतात, त्यात तथ्य आहे. वर जाताना आतले शाफ्ट आणि प्लेट यांचा वेग कमी करायचा असतो, आतलं तेलही त्यांना अडवत असतं, म्हणजे रिंगला फुकटची मदत. खाली येताना तेच सगळं पळवायचं असतं आणि तेल आता विरोधात. शिवाय वेगाचा फरक दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, म्हणून दोन गिअर एकदम खाली येणं हे एकेक करून येण्यापेक्षा रिंगला फार महागात पडतं.

यावरूनच तो नेहमीचा वाद, सिंक्रोला डबल क्लच मारावा का. माझं सरळ मत, रोजच्या चालवण्यात गरज नाही, एकदा क्लच पुरे, त्यासाठीच तर सिंक्रो दिलाय. वर जाताना डबल क्लच मारणारा उगाच क्लचच्या बेअरिंगला दुप्पट कामाला लावतो आणि तेवढ्यात गाडीचा वेगही पडतो. पण थंडीत पहिल्या काही किलोमीटरला तेल घट्ट असताना, किंवा बॉक्स जुना झालाय आणि तिसरा-दुसरा खाली येताना खरखरतोय, तिथे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून एक छोटीशी रेस देऊन मग गिअर टाकला तर रिंगचं काम जवळजवळ तुम्हीच करून टाकता. जुन्या पठडीतले ड्रायव्हर हे सवयीनं करतात आणि त्यांचे बॉक्स टिकतात, हे कुणालाही नाकारता येणार नाही. क्लच न दाबता नुसत्या रेसवर गिअर घालायची कला मात्र इथे दाखवू नका. बिनसिंक्रोत दात जुळला की थेट आत जातो, इथे मधे रिंग उभी आहे, अंदाज जरा चुकला की इंजिनाचा सगळा हिसका तिच्यावर.

चढावर खालच्या गिअरला लवकर या. इंजिन घुरघुरायला लागेपर्यंत थांबलात तर गिअर बदलेपर्यंत गाडी आणखी मंदावते आणि मग एक नाही दोन गिअर खाली यावं लागतं, तेही गडबडीत. १२००-१३०० च्या आसपास पुढे चढ अजून बाकी दिसला की लगेच खालचा. खडा चढ असेल तर सरळ विचार करून एक गिअर वगळून खाली या, कारण क्लच दाबलेल्या त्या दोन सेकंदात लोड गाडी जवळजवळ उभीच राहते, मधला गिअर पडेपर्यंत तोही पुरत नाही.

उताराचा गिअर उताराच्या आधी, ह्यात चर्चा नाही. साधारण ज्या गिअरमध्ये तोच चढ चढाल त्यात किंवा त्याच्या एक खाली उतरा. सिंक्रो आहे म्हणून उताराच्या मधे गिअर पडेल असा भरवसा लोक ठेवतात आणि पडतोही बहुतेक वेळा, पण क्लच दाबल्या क्षणी इंजिनाची ओढ गेली, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) गेला, गाडी मोकळी, आणि तेवढ्यात वेग इतका वाढला की खालचा गिअर दगडी भिंत दाखवतोय, तर मग तुम्ही न्यूट्रलमध्ये आहात आणि सगळा भार ब्रेक लायनरवर. तापलेला लायनर धरत नाही. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांबद्दल मी काही लिहीतच नाही.

क्रॉलर आणि रिव्हर्स ह्या बॉक्समध्ये सिंक्रोचे नाहीत, हे माहिती नसलेला माणूस बॉक्सला शिव्या घालतो. दोन्ही गाडी पूर्ण उभी असतानाच, क्लच दाबून काही सेकंद थांबून. जरासं पुढे सरकणाऱ्या गाडीला मागे घ्यायला रिव्हर्स कोंबायचा नाही. टिपरवाल्यांनी हे खास लक्षात ठेवावं कारण त्यांची दिवसभर पुढे-मागे चालू असते. थांबूनही रिव्हर्स दातावर दात येऊन अडला तर जोर न लावता क्लच किंचित सोडून परत दाबा, शाफ्ट थोडा फिरतो आणि दात जागा देतात.

तेलाबद्दल थोडक्यात पण गांभीर्यानं घ्या. डिफरन्शियलचं (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरचं) तेल उरलंय म्हणून बॉक्समध्ये ओतणारी माणसं आहेत. डिफरन्शियलच्या तेलात जास्त दाब सोसायला गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात, ती गरम झाल्यावर पितळ-ब्राँझच्या रिंगला खातात, आणि वरून तेल इतकं निसरडं की रिंगला कोनावर पकडच मिळत नाही. सिंक्रोला वंगण पाहिजे पण पकडही पाहिजे, दोन्ही एका तेलातून. झेडएफची टीई-एमएल ०२ नावाची यादी आहे ट्रकच्या बॉक्ससाठी, डब्यावर ते किंवा तुमच्या गाडीच्या पुस्तकातलं स्पेसिफिकेशन बघा आणि तेच टाका. पातळीपेक्षा जास्तही ओतू नका, जास्त तेलात गिअर फेस करतात, बॉक्स तापतो.

टोइंग करताना प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्स आणि मागची चाकं जोडणारा लांब दांडा, काढा. इंजिन बंद असताना चाकं मागून बॉक्सचा मेन शाफ्ट फिरवत राहतात पण तेल उडवणारा खालचा शाफ्ट उभा असतो, वरच्या बेअरिंग कोरड्या जळतात. क्रेनवाला कंटाळा करेल, तुम्ही करू नका.

गंमत म्हणजे आता ऑटोमेटेड बॉक्स आलेत, व्होल्वोचा आय-शिफ्ट २००१ पासून आहे, झेडएफचा स्वतःचा एएस ट्रॉनिक आला, आणि त्या एएस ट्रॉनिकच्या मुख्य भागात सिंक्रोच नाही. कॉम्प्युटर इंजिनाचा आरपीएम मोजून जुळवतो, बिनसिंक्रोच्या उस्तादासारखा, फक्त न थकता. म्हणजे माणसासाठी सिंक्रो लागला आणि माणूस गेल्यावर सिंक्रोही काढून टाकला. तरीही खाणीत, चिखलात, जिथे अर्धी पायरी पुढे-मागे करावी लागते तिथे मला अजून क्लच पेडलच बरं वाटतं, हे माझं वैयक्तिक.

जुनी गाडी घेताना हा बॉक्स असेल तर चालवून बघताना हे करा. तेल गरम होईपर्यंत चालवा, थंड बॉक्स कडकच लागतो, तो ऐब नाही. मग सपाट रस्त्यावर चार-तीन आणि तीन-दोन असे खाली येताना एकेरी क्लचनं गिअर टाका, डबल क्लच मुद्दाम मारू नका. मऊ भिंत लागतच नसेल आणि दांडा सरळ आत जाऊन खर्र होत असेल तर रिंग संपलीय. भिंत लागते पण फार वेळ घेते तर आधी क्लच आणि तेल बघायला सांगा. पाच-चार आणि चार-पाच दोनतीनदा करा, फुस्स आवाज आल्यावर रेंज लगेच बसली पाहिजे, आवाज येत राहिला तर हवा गळतेय. मग प्रत्येक गिअरमध्ये रेस देऊन एकदम सोडा, परत द्या, परत सोडा, कुठलाही गिअर उडून न्यूट्रलला आला तर किंमत बोलायच्या आधी मेकॅनिकला घेऊन या. आणि विकणारा म्हणाला की पहिला गिअर वापरायची गरजच पडत नाही, गाडी दुसऱ्यात मस्त उठते, तर क्लच प्लेटचा खर्च धरूनच बोलणी सुरू करा.